विजेच्या गाडीचं नियंत्रण शिकायचं तर टेबलावर काय बांधावं?

मिरजकर

नमस्कार मंडळी. मी डिप्लोमाच्या इलेक्ट्रिकल शाखेत शिकवतो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत 'विजेवरची दुचाकी' आता ठरलेलीच असते. मुलं हब मोटर (चाकातच बसवलेली), तयार कंट्रोलर, बॅटरी, चार्जर असा संच आणतात, जुन्या मोपेडच्या सांगाड्यात बसवतात, गाडी मैदानात फिरते, फोटो निघतात. तोंडी परीक्षेत विचारलं की थ्रॉटल (वेगाची मूठ) पिळल्यावर कंट्रोलरच्या आत काय घडतं, तर उत्तर येतं, "सर, तो मोटरला करंट देतो." यात मुलांचा दोष नाही. कंट्रोलर ॲल्युमिनियमच्या पेटीत बंद असतो, कित्येकदा आत रेझिनही ओतलेलं असतं. बघणार काय?

म्हणून माझं म्हणणं आहे की गाडी बांधू नका, गाडीचं नियंत्रण बांधा. टेबलावर मावेल एवढं, आणि जिथे हवं तिथे मल्टिमीटरची टोकं लावता येतील असं उघडं.

यंदा ठरवलेली मांडणी अशी. जाड फळीवर ७७५ जातीच्या दोन १२ व्होल्टच्या डीसी मोटरी समोरासमोर, शाफ्टला शाफ्ट कपलिंगने जोडलेल्या. एक मोटर म्हणजे गाडी. दुसरी जनरेटर म्हणून फिरते आणि तिच्या टोकांना ब्रेकलाइटचे १२ व्होल्ट २१ वॅटचे बल्ब लावायचे. एक बल्ब म्हणजे थोडा चढ, तीन बल्ब म्हणजे घाट. शाफ्टवर एक लोखंडी चकती, ते गाडीचं वजन (चकतीवर जाळी पाहिजेच पाहिजे). ई-सायकलची हॉल थ्रॉटल (मूठ किती पिळली ते चुंबकाने मोजणारी), वेगासाठी खाचा असलेली चकती आणि ऑप्टिकल सेन्सर, करंटसाठी एसीएस७१२ सेन्सर, आणि प्रोग्रॅम चालवायला अर्डुइनो उनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड.

यावर एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. वेग ठरवून द्यायचा आणि आधी फक्त प्रपोर्शनल नियंत्रण (वेगात जेवढी चूक, त्या प्रमाणात जोर) ठेवायचं. बल्ब लावला की वेग पडतो आणि थोडा खालीच राहतो, कितीही वेळ थांबा. मग इंटिग्रल, म्हणजे चुकीची वेळेबरोबर होत जाणारी बेरीज, जोडायचं. आता वेग पडतो, पण हळूहळू जागेवर येतो. मुलांचे चेहरे खुलतात. मग तीन बल्ब लावायचे. ड्यूटी (मोटरला वीज किती टक्के वेळ जोडलेली आहे ते) १०० टक्क्यांवर जाऊन अडते, वेग तरी कमीच, आणि इंटिग्रल मात्र उधारीच्या वहीसारखा आत साठत राहतो. थोडं थांबून तिन्ही बल्ब एकदम काढा. मोटर ठरलेल्या वेगाच्या पार पुढे जाते आणि ती साठलेली सगळी चूक फिटेपर्यंत खाली येत नाही. घाट संपून उतार लागला आणि गाडी आपोआप उसळली, असं खऱ्या रस्त्यावर झालं तर काय होईल हे मग सांगावं लागत नाही. त्यावरचा उपाय दोन ओळींचा आहे: ड्यूटी टोकाला टेकलेली असताना बेरीज थांबवायची.

बल्बबद्दल एक लक्षात असू द्या. थंड फिलामेंटचा रोध तापलेल्याच्या मानाने फारच कमी, साधारण दहावा हिस्सा असतो. त्यामुळे जोडल्या क्षणी झटका बसतो आणि आलेखात खड्डा दिसतो. तो नियंत्रणाचा दोष नव्हे. झटका नको असेल तर वायरवाउंड रेझिस्टर लावा. मला बल्ब आवडतात, कारण शेवटच्या बाकावरूनही भार दिसतो.

ज्यांनी असं काही केलंय त्यांनी लिहा. मोटर कोणती, तिला करंट पुरवणारा ड्रायव्हर बोर्ड कोणता, आणि अभ्यासक्रमात नसलं तरी काय शिकवलंच पाहिजे?

रानजाई

मस्त धागा, सर. मी पुण्यात गाड्यांच्या कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर लिहिते. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून एकच: गाडी थांबवायची कशी, हे चालवायच्या आधी शिकवा.

हॉल थ्रॉटलला तीन तारा असतात. ५ व्होल्ट, ग्राउंड आणि सिग्नल. मूठ सोडलेली असताना सिग्नल साधारण ०.८ व्होल्ट, पूर्ण पिळल्यावर ४.२ च्या आसपास. मुलं सहसा अर्डुइनोने मोजलेली ० ते १०२३ ही रेंज सरळ ड्यूटीच्या ० ते २५५ वर बसवतात आणि मोकळी होतात. आता चालू मोटरवर ग्राउंडची तार काढा. सिग्नल बहुधा ५ व्होल्टकडे चढतो आणि प्रोग्रॅमला वाटतं चालकाने मूठ पूर्ण पिळली. ०.८ पासून सुरुवात का, शून्यापासून का नाही, याचं उत्तर इथे आहे. दोन्ही टोकांना मुद्दाम जागा सोडलेली असते. तिथे सिग्नल गेला म्हणजे तार तुटली किंवा चिकटली, टॉर्क (मोटरचं फिरवण्याचं बळ) शून्य करा.

फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेचे नियम यासाठी वाचण्यासारखे आहेत. ॲक्सिलरेटर पेडलला किमान दोन स्वतंत्र सेन्सर हवेत, आणि दोघांत पेडलच्या चालीच्या १० टक्क्यांहून जास्त फरक १०० मिलिसेकंदांहून जास्त टिकला तर मोटरची पॉवर तोडायची. ब्रेक दाबलेला असताना ॲक्सिलरेटर २५ टक्क्यांच्या वर असेल तरी पॉवर बंद, आणि पेडल ५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय परत मिळत नाही. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत ही तशीच स्पर्धा होते, तिथे विद्युत गाड्यांच्या तपासणीत मुलांना हे करून दाखवावं लागतं. तुमच्या फळीवर दोन पोटेन्शिओमीटर एकाच दांड्याला जोडले की हाच नियम हुबेहूब उतरतो.

प्रोग्रॅममध्ये चार अवस्था ठेवा: बंद, सज्ज, चालू, बिघाड. बिघाडातून थेट चालूवर उडी नाही. चावी बंद करून, मूठ सोडूनच परत सज्ज. आणि वॉचडॉग टाइमर (प्रोग्रॅम अडकला तर चिप पुन्हा सुरू करणारा) चालू ठेवा. उनोवरच्या चिपमध्ये तो आहेच, फक्त कोणी वापरत नाही.

चाकोरी

सर, ताई, मी तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गटाने एल२९८एन हे मोटर ड्रायव्हर मॉड्यूल आणलंय. मोटर ढिली चालते आणि मॉड्यूल हात लावता येत नाही एवढं तापतं. मोठं हीटसिंक लावू का? आणि भंगारवाल्याकडून होव्हरबोर्डच्या (उभं राहून चालवायच्या दोन चाकांच्या फळीच्या) दोन चाकमोटरी मिळताहेत, त्या घ्याव्यात का? की आधी साधी डीसी मोटरच बरी?

तांब्याची_तार

बाळा, हीटसिंक लावून काय होणार नाही. एल२९८ मध्ये जुन्या पद्धतीचे बायपोलर ट्रान्झिस्टर आहेत. एक अँपिअरला सुमारे दोन व्होल्ट तोच खातो. बॅटरी १२ ची, मोटरला पोचणार १० च्या आसपास, बाकीची उष्णता. करंट वाढवला की आणखी खातो. लाइन फॉलोअर रोबोटसाठी ठीक, ७७५ साठी नाही. बीटीएस७९६० चं मॉड्यूल घे. किंवा शिकायचंच आहे तर मॉसफेट (झपाट्याने उघडझाप करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) लावून स्वतः बनव.

मॉसफेट घेताना नाव नीट वाच. आयआरएफझेड४४एन दुकानात पटकन मिळतो, पण अर्डुइनोच्या ५ व्होल्टवर तो पुरता उघडत नाही, अर्धवट राहतो आणि तापतो. आयआरएलझेड४४एन माग. एका अक्षराचा फरक, पण 'एल'वाला ५ व्होल्टवर व्यवस्थित उघडतो. मोटरच्या टोकांना उलटा डायोड विसरू नको.

पीडब्ल्यूएमची, म्हणजे मोटरची वीज झपाट्याने चालू-बंद करण्याची, वारंवारता पण बघ. उनोचं नेहमीचं ४९० हर्ट्झ ठेवलंस तर मोटर किरकिरते, करंट पण खालीवर होतो. १६ ते २० किलोहर्ट्झवर आवाज जातो, करंट सपाट होतो. पण तेवढ्या वेगाने मॉसफेटचं गेट (त्याला चालू-बंद करणारं टोक) उघडझाप करायला पिनचा करंट पुरत नाही, गेट ड्रायव्हर पाहिजे.

माझं इचलकरंजीत मोटर वायंडिंगचं दुकान आहे. यंत्रमागाच्या मोटरी करत आलो, आता रिक्षाच्या बीएलडीसी (बिनब्रशच्या) मोटरी पण येतात. होव्हरबोर्डची मोटर मिळत असेल तर सोडू नको. आत २७ खाचा, ३० चुंबकं, चुंबकांची जागा सांगणारे तीन हॉल सेन्सर. तीन सेन्सरचे मिळून आठ नमुने होऊ शकतात, त्यातले सहाच खरे. तिन्ही शून्य किंवा तिन्ही एक आले की तार तुटली समज. सेन्सरना ५ व्होल्ट दे, पुलअप रेझिस्टर लाव, चाक हाताने सावकाश फिरव आणि नमुने वहीत लिही. मोटरला पॉवर न देताच अर्धा धडा तिथे होतो. ३० चुंबकं म्हणजे १५ जोड्या, एका फेऱ्यात ९० बदल, म्हणजे दर ४ अंशाला एक.

फेजच्या, म्हणजे वायंडिंगच्या, तीन तारांचे सहा क्रम होतात. हॉलच्या तारा न हलवता त्यातला एकच क्रम बरोबर. बाकीच्यांत मोटर थरथरते, अडकते, किंवा फिरली तरी करंट भरमसाट ओढते आणि आवाज खराब करते. फिरली म्हणजे जुळली असं नाही! सप्लायवर करंटची मर्यादा कमी ठेवून प्रत्येक क्रमाचा बिनभाराचा करंट लिहून काढ.

मिरजकर

तारकाका, "फिरली म्हणजे जुळली असं नाही" हे प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावतो.

चाकोरी, आधी साधी डीसी मोटर. वेगाचं नियंत्रण, करंटची मर्यादा, बिघाडाची अवस्था हे सगळं तिच्यावर पक्कं झालं की चाकमोटर घ्या. दोन्ही एकदम घेतलं तर चूक कम्युटेशनमध्ये (फेजना क्रमाने वीज देण्यात) आहे की नियंत्रणात, हेच कळणार नाही.

उत्तरायण

थोडा वेगळा सूर लावतो. मुलांनी सगळं स्वतःच लिहायचा हट्ट कशाला? बेंजामिन वेडर या स्वीडिश अभियंत्याने व्हीईएससी नावाचा मोटर कंट्रोलर बनवला, त्याचं सर्किट आणि सॉफ्टवेअर दोन्ही खुलं आहे. सिंपलएफओसी नावाची मोटर नियंत्रणाची खुली लायब्ररी (तयार कोड) आहे. होव्हरबोर्डचा मूळ बोर्डसुद्धा (त्यावर बहुधा एसटीएम३२ किंवा तिच्यासारखी चिप असते) नवीन खुलं फर्मवेअर टाकून वापरता येतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सुरू झालेल्या एफ१टेंथ या उपक्रमात १:१० मापाच्या स्वयंचलित गाड्या धावतात, त्यांत मोटर नियंत्रणाला व्हीईएससीच असतो. विद्यार्थ्यांची बुद्धी वरच्या थरात, वाट शोधण्यात, खर्च होते. फील्ड ओरिएंटेड कंट्रोल (एफओसी, बिनब्रशची मोटर धक्क्यांशिवाय फिरवायची पद्धत) हाताने लिहिण्यात अख्खं सत्र जाईल.

दुसरं, मॉडेलवरून खऱ्या गाडीबद्दल काय बोलता येतं आणि काय नाही, हे आधी ठरवा. १:१० माप घेतलं तर लांबी दहावा हिस्सा, पण वजन हजारावा. दीड टनाची गाडी दीड किलोची होते. गुरुत्वाकर्षण मात्र तेवढंच राहतं. त्यामुळे हालचाल तुलनायोग्य ठेवायची तर वेग दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ३.१६ ने कमी धरावा लागतो. खऱ्या गाडीचे ताशी ६० किलोमीटर म्हणजे मॉडेलचे १९. काळही त्याच पटीत आखडतो. खरी गाडी घसरायला लागायला एक सेकंद लागत असेल तर मॉडेलला एक तृतीयांशही लागत नाही, म्हणून नियंत्रणाची फेरी त्या मानाने जलद हवी. बेअरिंग, ब्रश, गिअर यांचं घर्षण मात्र मापाबरोबर घटत नाही, लहान मोटरीत ते तुलनेने मोठंच असतं. 'आमच्या मॉडेलची रेंज इतकी, म्हणून मोठ्या गाडीची इतकी' असं अहवालात लिहिलेलं वाचलं की वाईट वाटतं. मापात लहान करून नेता येते ती रचना आणि तर्क. किलोमीटर नेता येत नाहीत.

रानजाई

मापाच्या मुद्द्याला +१००. लायब्ररीच्या मुद्द्यावर मात्र सरांच्या बाजूने. तयार कोड वापरायला हरकत नाही, पण एकदा सहा पायऱ्यांचं साधं कम्युटेशन स्वतः लिहिल्यावर. ज्याने ते लिहिलंय त्याला एफओसी कशासाठी हे सांगावं लागत नाही. हळू वेगात सहा पायऱ्यांचे धक्के त्याने स्वतः बोटाने अनुभवलेले असतात.

आणि एक विनवणी. एका अर्डुइनोवर सगळं कोंबू नका. खऱ्या गाडीत पेडल, मोटर कंट्रोलर, बॅटरी आणि डॅशबोर्ड हे वेगवेगळे संगणक असतात आणि कॅन बसवर, म्हणजे सगळ्यांना सामाईक अशा दोन तारांवर, बोलतात. बॉश कंपनीने हा बस १९८६ मध्ये जगासमोर मांडला, आजही गाड्यांमध्ये तोच मुख्य आहे. तीन उनो आणि कॅन बसला जोडणारी तीन एमसीपी२५१५ मॉड्यूल घ्या: एक पेडल, एक मोटर, एक डॅशबोर्ड.

दोन ठिकाणी हमखास अडायला होतं. बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर हवेत, मधल्या नोडवरचा (बसला जोडलेल्या बोर्डवरचा) तो रेझिस्टर जोडणारा जंपर काढा. पॉवर बंद करून दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावला की ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एक टोक मोकळं आहे, ४० दिसले तर मधला जंपर राहिलाय. दुसरं, या स्वस्त मॉड्यूलवर बहुतेक वेळा ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (चिपला ताल देणारा) असतो आणि काही लायब्ररी १६ धरून चालतात. मग बसचा वेग निम्मा होतो. दोन सारखी मॉड्यूल एकमेकांशी बोलतात, तिसरं वेगळं आलं की सगळं ठप्प. क्रिस्टलच्या डबीवर आकडा कोरलेला असतो, तो वाचा.

संदेशाचे क्रमांक वाटून देणं हा स्वतंत्र धडा आहे. एकाच वेळी दोघे बोलायला लागले तर लहान क्रमांकाचा संदेश पुढे जातो, मोठा थांबतो. त्यामुळे ब्रेक आणि बिघाड यांना लहान क्रमांक, बॅटरीच्या तापमानाला मोठा. मुलांना वर्गात यावर भांडू द्या, छान चर्चा होते.

मग तारा उपटा. डॅशबोर्ड काढला तर गाडी चालू राहिली पाहिजे. पेडल काढलं तर मोटर नोडने १०० मिलिसेकंद वाट पाहून टॉर्क शून्यावर आणला पाहिजे. शेवटचा आलेला आकडा धरून बसणारी गाडी परीक्षेत नापास.

गोडेतेल

वाचतेय. माझी मुलगी नववीत आहे, तिला हे कितपत झेपेल? बॅटरीची भीती वाटते.

तांब्याची_तार

ताई, भीती योग्य आहे आणि उपाय सोपा आहे. लिथियम नकोच. यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड घ्या. धन टोकाला लागूनच फ्यूज, वीतभर तार सोडून नाही. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेले १८६५० जातीचे लिथियम सेल कुणी फुकट दिले तरी घेऊ नका. सेलचा इतिहास माहीत नसला की पूर्ण चार्जच्या ४.२ व्होल्टचा हिशोब बरोबर असून पण उपयोग नाही. नववीच्या मुलीने सरांची दोन मोटरींची फळी करावी, बल्ब लावावा-काढावा, वेग वहीत लिहावा. भरपूर झालं.

उत्तरायण

डिप्लोमाच्या मुलांनी लिथियम वापरायचंच तर लिथियम फेरोफॉस्फेट. पण चार्ज किती उरला हे व्होल्टेजवरून काढू नका. त्या सेलचा व्होल्टेज मधल्या बऱ्याच पट्ट्यात जवळपास सपाट असतो. करंटची वेळेबरोबर बेरीज करत जा, आणि सेन्सरची शून्याची थोडीशी चूक ही बेरीज तासाभरात कशी बिघडवते तेही मोजा.

मिरजकर

रिजनरेटिव्ह ब्रेकिंगबद्दल (वेग कमी करताना ऊर्जा बॅटरीत परत घेण्याबद्दल) दोन शब्द, कारण प्रत्येक गटाला ते करायचं असतं.

बीटीएस७९६० वापरत असाल तर चकती वेगात असताना ड्यूटी एकदम ८० वरून ४० टक्क्यांवर आणा. मोटर जनरेटर होते आणि एसीएस७१२ चा आकडा शून्याच्या पलीकडे जातो. हा सेन्सर दोन्ही दिशा मोजतो, शून्य करंटला २.५ व्होल्ट देतो, म्हणून इथे तो योग्य. पण हा प्रयोग बेंच सप्लायवर (प्रयोगशाळेच्या पॉवर सप्लायवर) करू नका! सप्लाय करंट देतो, परत घेत नाही. परत आलेली ऊर्जा कपॅसिटरमध्ये साठते, व्होल्टेज चढतो, आणि सप्लाय ट्रिप होतो किंवा मॉसफेट जातो. बॅटरी लावा, तीही पूर्ण भरलेली नको. खऱ्या गाडीत पूर्ण चार्जनंतर पहिल्या काही किलोमीटरमध्ये रिजन कमी का मिळतं, हे इथेच समजतं.

३६ व्होल्टच्या चाकमोटरीकडे गेलात की प्रीचार्ज करा, म्हणजे कंट्रोलरचा कपॅसिटर आधी रेझिस्टरमधून सावकाश भरा. कंट्रोलरच्या तोंडाशी २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल आणि ४७ ओहमच्या रेझिस्टरमधून भरलंत तर टाइम कॉन्स्टंट ०.१ सेकंद, अर्ध्या सेकंदात जवळपास पूर्ण भरतो. मग मुख्य रिले लावा. थेट जोडलं तर कनेक्टरवर ठिणगी उडते आणि रिलेचे पॉइंट चिकटतात. चिकटलेला रिले बंद होत नाही, आणि मग रानजाई म्हणतात ती बिघाडाची अवस्था नुसती कागदावर उरते.

पुण्यातल्यांना तपकीर गल्लीत, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोडला हे सगळं मिळेल. रिले घेताना डीसीचं रेटिंग बघा, एसीचं नव्हे.

चाकोरी

सर, बीटीएस७९६० लावलं, बल्बचा प्रयोग केला, बेरीज थांबवण्याच्या दोन ओळी टाकल्या आणि उसळी खरोखर गेली. आता वेगळी अडचण. करंटची मर्यादा ५ अँपिअर ठेवलीय. सेन्सर बॅटरीच्या तारेत आहे. शाफ्ट जवळपास अडवून हळू वेगाने चालवलं तर सेन्सर फक्त २ अँपिअर दाखवतो, तरी मोटर चटके बसतील इतकी तापते. सेन्सर बिघडलाय का?

तांब्याची_तार

तेव्हा ड्यूटी किती होती?

चाकोरी

२० टक्क्यांच्या आसपास, काका.

तांब्याची_तार

मग सेन्सर चांगलाय. मोटरमधून १० अँपिअर जातोय. ड्यूटी २० टक्के म्हणजे बॅटरी पाचातला एकच हिस्सा वेळ जोडलेली, उरलेल्या वेळात मोटरचा करंट मोटर आणि खालच्या मॉसफेटमध्येच गोल फिरतो. बॅटरीच्या तारेत त्याची सरासरी २ दिसते. वायंडिंग तापवतो तो १० वाला. माझ्याकडे जळून येणाऱ्या रिक्षाच्या मोटरी बघ, पुष्कळशा चढावर हळू चालवून जळलेल्या असतात.

सेन्सर मोटरच्या तारेत घाल. मर्यादा तिथे लाव. बॅटरीच्या तारेत दुसरा सेन्सर ठेव, तो बॅटरीसाठी. दोन वेगळ्या मर्यादा.

रानजाई

आणि सेन्सर मोटरच्या तारेत गेला की आकडे नाचायला लागतील, घाबरू नकोस. उनोला एक ॲनालॉग आकडा घ्यायला सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात, तुझा पीडब्ल्यूएम २० किलोहर्ट्झचा असेल तर एक फेरी ५० ची. त्यामुळे तू करंटच्या लहरीत कुठेही हात घालतोस. उनोवर आरसी (रेझिस्टर-कपॅसिटरचा) फिल्टर आणि सरासरी एवढंच जमेल. एसटीएम३२ वर गेलास की टायमरलाच सांगता येतं की प्रत्येक फेरीच्या बरोबर मध्यावर मोज. एसीएस७१२ चा २० अँपिअरचा प्रकार अँपिअरला १०० मिलिव्होल्ट देतो आणि उनोची एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे ०.०५ अँपिअरपेक्षा बारीक तुला दिसणारच नाही, हेही अहवालात लिही.

दोन्ही सेन्सरचे आकडे आणि ड्यूटी, तिन्ही एकाच आलेखावर काढ आणि इथे टाक. मोटरचा करंट गुणिले ड्यूटी हा गुणाकार बॅटरीच्या करंटशी जुळतो का बघ. ज्या ठिकाणी जुळणार नाही तिथली वेळ लिहून ठेव, त्यावर बोलू.